गौरीपुढची लाकडाची केळी

चिमे,

काल गौरीची आरास मांडताना तू विचारलंस ना, "बाबा, देवाला लाकडाची खोटी फळं चालतात का?" तेव्हा माझ्या हातात लाइटची माळ होती आणि आई स्वयंपाकघरातून ओरडत होती, म्हणून "चालतात गं" म्हणून मी सटकलो, पण मग रात्रभर तेच डोक्यात.

आधी सोप्पं सांगतो. नैवेद्य खराच असतो, पहिल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, त्यात लाकूड चालत नाही. लाकडाची फळं आरास म्हणून. आणि ती गोकाकची आहेत, बेळगावहून दीड-दोन तासावर, आज्जी दरवर्षी एखादं नग वाढवायची, एका वर्षी वांगं, एका वर्षी मक्याचं कणीस. तिथले कारागीर हलकं लाकूड कोरतात, घासून गुळगुळीत करतात मग रंग देतात, इतकं हुबेहूब की मी तुझ्याएवढा असताना त्यातल्या पेरूला चावलो होतो (खूण अजून आहे, उलटा करून बघ). आज्जी दुकानात "एष्टरी?" म्हणून कन्नडमध्ये भाव करायची आणि पैसे मात्र मराठीत मोजायची, आपल्याकडे हे असंच, कुणाला त्यात विशेष वाटत नाही.

खरेदी झाली की धबधबा. गावापासून पाच-सहा किलोमीटर, तिथे घटप्रभा नदी १७० फुटांवरून खाली पडते, पावसाळ्यात पाणी चहाच्या रंगाचं आणि आवाज एवढा की शेजारच्याशी हातवारे करून बोलायचं. वरून झुलता पूल आहे. काठाला चालुक्यांच्या काळातलं दगडी देऊळ, पण खरं सांगू, लहानपणी मी देवळाकडे बघितलंच नाही, सगळं लक्ष येताना मिळणाऱ्या करदंटाकडे. डिंक आणि सुका मेवा घालून करतात, दाताला चिकटतो.

आता खोट्याचं. मागच्या सुट्टीत आपण बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती बघितली, आठवतंय? तू मान वर करून म्हणालीस, "वर दगडाचं फूल आहे." ते कमळ १२०४ सालचं, रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराज, त्याने ते जैन मंदिर बांधलं, आत नेमिनाथांची काळ्या दगडाची मूर्ती. आठशे वर्षं झाली तरी ते फूल उमललेलंच, आणि तू त्याला खोटं म्हणाली नव्हतीस, उलट चप्पल घालायची विसरून बाहेर आलीस.

आणि शिवाय इथे टोरांटोत सप्टेंबरात चांगलं सीताफळ मिळवून दाखव मला!

तुझ्या त्या लाकडी सीताफळाचा देठ निघालाय, फेव्हिकॉल आणलाय, शनिवारी दोघं मिळून चिकटवूया. पेरू मात्र तसाच ठेवायचा.

बाबा