ठहराव, करार आणि संविदा

इंदूरमध्ये बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे : “आमच्या व्यावसायिक सन्नियमाच्या (म्हणजे व्यापारी कायद्याच्या) हिंदी पुस्तकात ‘प्रत्येक अनुबंध ठहराव होता है, परंतु प्रत्येक ठहराव अनुबंध नहीं होता’ असे वाक्य आहे. आजोबांना ते मराठीत सांगताना मी ‘ठराव’ आणि ‘अनुबंध’ असेच शब्द वापरले, तर ते म्हणाले, ‘कुठल्या सभेत झाला हा ठराव?’ मराठीत नेमके काय म्हणायचे?”

आजोबांची हरकत रास्त आहे. मराठीत ठराव सभेत मांडला जातो, त्याला कोणीतरी अनुमोदन देते आणि तो संमत होतो किंवा फेटाळला जातो. दोघांत ठरलेल्या व्यवहाराला आपण सहसा ठराव म्हणत नाही. अनुबंधाचे तर त्याहून अवघड आहे, कारण मराठी कानाला त्यात मागचा-पुढचा संबंध किंवा जिव्हाळ्याचे नाते ऐकू येते, भाड्याच्या घराचा कागद नव्हे.

मग ‘करार’ म्हणावे, तर खरा गुंता तिथेच आहे. १८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमाच्या (इंडियन कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या) अधिकृत हिंदी पाठात ‘अ‍ॅग्रीमेंट’साठी करार आणि ‘कॉन्ट्रॅक्ट’साठी संविदा असे शब्द आहेत. म्हणजे तुमचे पुस्तक ज्याला ठहराव म्हणते त्याला हिंदी कायदा करार म्हणतो, आणि पुस्तकातला अनुबंध ही कायद्यातली संविदा. आपण मराठी माणसे मात्र बोलताना ‘करार कायदा’, ‘करारनामा’, ‘करार मोडला’ असे म्हणतो आणि तेव्हा आपल्या मनात कायद्याने बांधणारा व्यवहार, म्हणजे संविदाच, असते. एकच शब्द दोन पायऱ्यांवर उभा असल्यामुळे पायरी चुकते.

ही पायरी कलम २ मध्ये घातलेली आहे. एकमेकांचा मोबदला ठरणारी वचने म्हणजे करार आणि कायद्याने अंमलात आणता येणारा करार म्हणजे संविदा. क्रिकेटच्या सामन्यावर दोन मित्रांनी हजार रुपयांची पैज लावली, तर त्यांच्यात करार झाला. पण कलम ३० मुळे पैजेचा करार शून्य, म्हणजे कायद्याच्या लेखी निरर्थक, ठरतो आणि जिंकणाऱ्याला त्या रकमेसाठी दावा लावता येत नाही. अज्ञानाने, म्हणजे वय पूर्ण न झालेल्या व्यक्तीने, केलेला करारही मुळातच शून्य असतो, हे मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९०३ मध्ये ठरवले. (कायद्यातला हा ‘अज्ञान’ वयाने ठरतो, बुद्धीने नव्हे, घरी समजावताना तेवढे आधी सांगावे.) म्हणून या दोन्ही उदाहरणांत ‘शून्य करार’ लिहावे. जी संविदा मुळात झालीच नाही तिला शून्य संविदा म्हणणे चूक आहे.

शब्दांच्या मुळाशी गेले तर एक गंमत दिसते. करार हा मूळचा अरबी शब्द. त्यात स्थिरावणे, ठरणे हा अर्थ आहे, आणि ‘बेकरार’मधला करार तोच. ठहराव हा ‘ठहरना’पासून आला, म्हणजे हिंदी पाठ्यपुस्तकांनी निवडलेला शब्द अर्थाने कराराचा सख्खा भाऊच आहे. संविदेचे कूळ याहून जुने : मनुस्मृतीतल्या अठरा व्यवहारपदांत (म्हणजे खटल्यांच्या विषयांत) संविदेचा भंग हे एक पद आहे. मात्र आज मध्य प्रदेशात ‘संविदा’ म्हटले की आधी संविदा शिक्षक आणि संविदा कर्मचारी आठवतात, ज्यांना मराठीत आपण कंत्राटी म्हणतो. त्यामुळे आजोबांशी बोलताना या शब्दाला दोन वाक्यांची प्रस्तावना लागेल.

परीक्षेत पुस्तकातलेच शब्द लिहावेत. तिथे मराठीपण दाखवून गुण घालवण्यात अर्थ नाही. मराठीत लिहिताना मी असे लिहीन : “प्रत्येक संविदा हा करार असतो, पण प्रत्येक करार संविदा होत नाही.” आजोबांना मात्र एवढेच सांगावे की बोलणी ठरली म्हणजे करार झाला, आणि त्या बोलण्यांवर कोर्टात दाद मागता आली तर ती संविदा.