कोणत्या तोंडाने देवासमोर जाऊ?

ताई, लहानपणापासून मी प्रार्थना करते. देव मला नेहमी जवळचा, घरातल्या माणसासारखा वाटायचा. काही महिन्यांपूर्वी बायबल-अभ्यासात यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा सहावा अध्याय वाचला आणि मी हादरले. त्याआधी मी जावेबद्दल सासूबाईंना एक खोटी गोष्ट सांगितली होती. तेव्हापासून त्या दोघींचं बोलणं बंद आहे. आता उपासनेत ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ हे शब्द ऐकले की छातीत धस्स होतं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या वेळी मी उठून बाहेर जाते. इतक्या पवित्र देवासमोर कोणत्या तोंडाने जाऊ?
– एक भगिनी

प्रिय भगिनी,

‘कोणत्या तोंडाने जाऊ’ हे तुम्ही सहज लिहिलं असेल, पण यशयाचं दुखणंही हेच होतं. उज्जीया राजा वारला त्या वर्षी त्याला उंच राजासनावर बसलेला प्रभू दिसला. ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ म्हणणारे तिथले सराफीम, म्हणजे सहा पंखांचे स्वर्गीय सेवकसुद्धा दोन पंखांनी आपलं तोंड झाकून होते. ते पाहून यशयाला आठवले ते स्वतःचे ओठ. मी अशुद्ध ओठांचा माणूस आहे, माझं आता संपलंच, असं तो म्हणाला. देवाचा शब्द बोलायचा ते ओठच मळलेले निघाले.

म्हणून तुमची भीती मी झटकून टाकणार नाही. आपण देवाला कधी कधी इतका घरचा करून टाकतो, की तो देव आहे याचाच विसर पडतो. जळत्या झुडपातून देव बोलला तेव्हा मोशेला पायातले जोडे काढावे लागले. येशूच्या सांगण्यावरून टाकलेली जाळी फाटेपर्यंत मासे मिळाले तेव्हा पेत्र हा कोळी आनंदाने नाचला नाही, तर येशूच्या पायांशी पडून म्हणाला, माझ्यापासून जा, मी पापी आहे. तुम्ही याच माणसांच्या रांगेत उभ्या आहात. येशू मात्र पेत्रापासून दूर गेला नाही. ‘भिऊ नको’ म्हणाला आणि त्याला सोबत घेतलं.

मला वाटतं, तुम्ही त्या अध्यायाच्या पाचव्या वचनापाशीच थांबला आहात. सहाव्यात एक सराफ वेदीवरचा निखारा चिमट्याने उचलून यशयाकडे झेपावतो. यशयाने एक पाऊलही टाकलेलं नाही, तिकडूनच कुणीतरी आलं. निखारा टेकतो तो थेट तोंडाला, जिथे मळ होता तिथेच. तुझा दोष दूर झाला, हे शब्द त्यानंतरचे. तो निखारा वेदीवरचा होता, म्हणजे बलिदानाच्या जागेचा. येशूच्या वधस्तंभाकडे पाहणाऱ्या आपल्याला यापेक्षा अधिक काय सांगायला हवं?

आता प्रभुभोजनाचं. येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रातून आत्मपरीक्षा करायला सांगितलं ते खरं, पण त्याचं वाक्य नीट वाचा: माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं. परीक्षा करून बाहेर निघून जावं, असं तो म्हणत नाही. तुमची परीक्षा तर झालीच आहे, पापाचं नावही तुम्हाला ठाऊक आहे.

‘तुम्ही पवित्र व्हा, कारण मी पवित्र आहे’ ही आज्ञा बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आहे. तो अध्याय पुढे वाचत जा. मजुराची मजुरी रात्रभर अडवून ठेवू नका, तराजू खरा ठेवा, बहिऱ्याला शिव्या देऊ नका, चहाड्या करत फिरू नका. पवित्रतेचा हा अर्थ मला फार हलवून जातो. राजासनापुढे जी पवित्रता सराफीम गातात, ती तुमच्या घरात सासूबाई आणि जावेच्या मधोमध येऊन उभी राहते.

तेव्हा आधी सासूबाईंकडे जा. ‘मी तुमच्याशी खोटं बोलले होते’ एवढंच सांगा. त्या वेळी मी का चिडले होते, जावेने आधी काय केलं होतं, यातलं काहीही जोडू नका. मग जावेकडे जा आणि तिच्याबद्दल खोटं बोलल्याचं तिलाही असंच सांगा. वेदीजवळ आपलं अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला येशूने सांगितलं, तेव्हा अर्पण तिथेच राहू दे म्हणाला, कारण माणूस परत यायचा होता. तुम्हीही परत या. प्रार्थनेत काही सुचलं नाही, तर ‘तुझं नाव पवित्र मानलं जावो’ एवढं म्हणून गप्प बसा.

कदाचित जाऊ लगेच बोलणार नाही. तिला वेळ द्या, पण त्यासाठी प्रभुभोजन सोडू नका. जेवढं तुमच्याकडून होण्यासारखं आहे तेवढं करा, असं पौलानेच रोमकरांना लिहिलं आहे. तिचं मन मोकळं होणं तुमच्या हातात नाही, त्यासाठी रोज तिचं नाव घेऊन प्रार्थना करा.

तुमची,
ताई