ओटी, अंगण आणि तुझा प्रश्न

प्रिय सोनू,

आजीच्या गावी काही माणसं थेट ओटीवर येऊन बसतात, काही मात्र अंगणातूनच बोलून परततात. असं वागवणारे लोक वाईट असतात का, असं तू फोनवर विचारलंस.

पूर्वग्रहाला एकच मूळ नसतं. जॉन डकिट या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये दोन वाटा मांडल्या. एक भीतीची. नव्याची ओढ कमी आणि जग धोक्याचं वाटतं, अशी माणसं रीत घट्ट धरतात. रीत मोडणारा त्यांना खुपतो. ‘असं चाललं तर गाव बिघडेल’ हे त्यांचं बोलणं. दुसरी वाट वरचढपणाची. मनात माया कमी, आणि जग म्हणजे चढाओढ असा समज. ‘ज्यानं त्यानं पायरीनं राहावं’ असं म्हणत ते दुबळ्याला तुच्छ लेखतात. शिमग्यात पालखीच्या मानावरून वाद झाला की दोन्ही सूर ऐकू येतात. पहिल्याला धोका नाही हे पटवता येतं. दुसऱ्याला ते पुरत नाही, त्याला स्वतःचं वरचं स्थान जपायचं असतं.

पण सगळं स्वभावावर ढकलू नकोस. मायाळू माणसंही ‘लोक काय म्हणतील’ म्हणून रीत पाळतात, आणि माझ्या मते गावात हेच जास्त असतं. त्यांचा हेतू वाईट नसेलही, पण अंगणात थांबवलेल्याचा अपमान तेवढाच होतो.

रोजच्या ओळखीने हे आपोआप सुटत नाही. वर्षानुवर्षं कामाला येणारा गडी अंगणातच राहतो, कारण ती ओळख बरोबरीची नसते. ओळखीतून पूर्वग्रह कमी व्हावा यासाठी गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये चार अटी सांगितल्या: बरोबरीचं स्थान, सामाईक ध्येय, एकमेकांची साथ आणि अधिकारी किंवा कायद्याचा पाठिंबा. शेवटची अट कागदावर राहिली तर काय होतं, ते आपल्या कोकणातल्या महाडला दिसलं. नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केलं, तरी दलितांना पाणी भरता येईना. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक ते पाणी प्यायले, तेव्हा त्यांना मारहाण झाली आणि तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं गेलं. तळ्याच्या वादात हायकोर्टाचा निकाल दलितांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं.

तू क्रिकेट खेळतेस तिथे सगळ्या वाड्यांची मुलं एकाच संघात घ्या, कप्तानी पाळीपाळीने द्या. खेळ संपला की पाणी सगळ्यांना ओटीवरच, एकाच तांब्यातून. आजीला आधी एकटीला गाठून सांग, चारचौघांत नको. लोकांसमोर विचारलंस तर तिला रीतीचीच बाजू घ्यावी लागेल.

तुझी,
आई