ट्रिगर दाबण्याआधी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दाबाने पाणी मारायचं मशीन कोणतं घेऊ, किती बारचं (बार म्हणजे दाबाचं माप) घेऊ, हा प्रश्न तू तीनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहेस. मशीनचं सांगतोच, पण तो प्रश्न तुला वाटतो तेवढा मोठा नाही. भिंती, फरसबंदी, पन्हळी, काचा बाहेरून धुऊन देण्याच्या या धंद्यात टिकलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांची मशीनं निरनिराळी, स्वभाव निरनिराळे. सारखी गोष्ट एकच, ती आधी नीट बघतात आणि मगच पाणी सुरू करतात.

मशीन घेताना सगळे बार विचारतात, लिटर फारसं कुणी विचारत नाही. दाबाने मळ सुटतो हे खरं, पण सुटलेला मळ वाहून नेतं ते पाणी. घरगुती मशीन मिनिटाला सहा-आठ लिटर पाणी देतं. त्याने आपली गाडी धुवावी. लोकांची अंगणं धुवायला गेलास तर संध्याकाळ होईल. मिनिटाला १५ लिटर आणि २०० बारपर्यंत जाणारं मशीन धंद्याला पुरतं, आणि त्यातला दाब बहुतेक वेळा कमीच करून वापरायचा असतो. पण एवढं पाणी गिऱ्हाइकाच्या नळाला येतं का, हे कोण बघणार? १० लिटरची बादली लाव आणि घड्याळ बघ. ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला १५ लिटर येतंय. त्याहून जास्त वेळ लागला तर पंप उपाशी राहतो, खडखडतो आणि आतून खराब होत जातो. अशा ठिकाणी स्वतःची टाकी भरून न्यायची. ट्रिगर सोडून मशीन तसंच घरघरत ठेवून गिऱ्हाइकाशी गप्पा मारायची सवय तर लावूच नकोस. तेच पाणी पंपात फिरून फिरून तापतं आणि सील जातात. बोलायचं असेल तर मशीन बंद कर.

नोझलचे, म्हणजे गनच्या तोंडाला लावायच्या टोकांचे, रंग पाठ कर; अंश म्हणजे धार किती पसरते ते: लाल शून्य अंशाचं, पिवळं १५, हिरवं २५, पांढरं ४० आणि काळं साबणासाठी. लाल पेटीतच राहू दे. लाकडावर, विटांवर त्याची रेघ उठते आणि ती कोणत्याही रसायनाने पुसत नाही. मोकळ्या फरसबंदीसाठी फिरत्या नोझलची गोल थाळी घे. नुसत्या गनने धुतलेलं अंगण वाळलं की झेब्र्याच्या पाठीसारखं दिसतं, आणि गिऱ्हाईक ते दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या खिडकीतून बघतं.

आता बघण्याविषयी. पाहणीला जाशील तेव्हा मशीन गाडीतच राहू दे आणि घराला एक पूर्ण फेरी मार. भिंतीवरून कोरडा हात फिरव. तळव्याला पांढरी भुकटी लागली तर रंग उन्हाने मेलेला आहे. दाबाचं पाणी मारलंस तर मळासोबत रंगही येईल आणि भिंतीवर चट्टे पडतील. विटांच्या दरजांमधला मसाला खिळ्याने हलकेच खरवडून बघ. वाळूसारखा गळत असेल तर तिथे गन नाहीच. गिलाव्यावर बोटाने टकटक कर. पोकळ आवाज आला तर आतून सुटलेला आहे. खिडक्यांच्या चौकटींचं रबर, भिंतीतल्या हवेच्या झडपा, बाहेरचे विजेचे पॉइंट, दिव्यांच्या तुटक्या काचा हे सगळं बघ. झडपांच्या पट्ट्या वरून येणाऱ्या पावसासाठी केलेल्या असतात. खालून वर मारलेलं पाणी सरळ आत जातं. काचेवर आधीचे ओरखडे असतील तर ते तिथल्या तिथे घरमालकाला दाखव. काम झाल्यावर दाखवलेला ओरखडा तुझा असतो.

हे सगळं फोनवर टिपून ठेव. फोटो काढताना गिऱ्हाइकाला बरोबर घे, चोरून काढू नकोस. माझ्या अनुभवात बहुतेक भांडणं काम वाईट झाल्याने होत नाहीत. आधी काय होतं हे दोघांना वेगवेगळं आठवतं म्हणून होतात.

मग डाग कशाचा आहे ते ओळखायचं. इथे घाई करणारे फार आहेत. हिरवं ते शेवाळ हे कुणालाही कळतं. छपरावरचे लांब काळे ओघळ मात्र लोकांना काजळी वाटतात, आणि बऱ्याचदा ते ग्लिओकॅप्सा मॅग्मा नावाचे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे एक प्रकारचे जीवाणू, असतात. त्यांना दाबाने उडवायला गेलास तर छपराचा वरचा थर झिजतो आणि ते पुन्हा उगवतात. त्यांना मारावं लागतं, खरवडून भागत नाही. दगडफूल असेल तर ते मेल्यावरही आठवडेच्या आठवडे, कधी काही महिने चिकटून राहतं आणि मग पावसावाऱ्याने गळतं. हे गिऱ्हाइकाला काम घेतानाच सांग. नंतर सांगितलंस तर ती सबब वाटते.

विटांवर पांढरा लोणा दिसला की पाणी मारायचा मोह आवर. लोणा म्हणजे आतल्या ओलीबरोबर बाहेर आलेले क्षार. पाण्याने ते विरघळून पुन्हा आत जातात, भिंत दोन दिवस सुंदर दिसते आणि वाळली की फुलते. कोरड्या ब्रशने झाड आणि ओल कुठून येतेय ते शोधायला सांग. पन्हळ गळत असेल, जमिनीचा उतार भिंतीकडे असेल. ते तुझं काम नाही, पण ते तू सांगितलंस हे लोक लक्षात ठेवतात. लोखंडाच्या गंजाचे डाग ऑक्झॅलिक आम्लाने निघतात, तेलाच्या डागाला अल्कली आणि गरम पाणी लागतं. आणि आम्ल हातात असेल तेव्हा खाली कोणता दगड आहे हे दोनदा बघ. संगमरवर आणि चुनखडीचा दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल पडलं की फेस येतो आणि चकाकी जाते.

शेवाळासाठी सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच, वापरशील. बाजारात येणारं साधारण १२.५ टक्क्यांचं असतं. एका भागाला अकरा भाग पाणी घातलं की भिंतीवर १ टक्क्याच्या आसपास पडतं, आणि बहुतेक भिंतींना तेवढं पुरतं. ब्लीच उन्हात, उकाड्यात पडून राहिलं की त्याचा जोर उतरत जातो. तेव्हा डबा लेबलाच्या तारखेवर नव्हे, छोट्या तुकड्यावर तपासून बघ. लावताना खालून वर, धुताना वरून खाली. वरून लावलंस तर कोरड्या भिंतीवर ओघळ उतरतात आणि त्यांच्या खुणा राहतात. पाच-दहा मिनिटं थांब, पण वाळू देऊ नकोस. झाडांवर आधी साधं पाणी मार म्हणजे मुळं-पानं भरलेली राहतील, काम झाल्यावर पुन्हा मार. वारा असेल तर काम पुढे ढकल. शेजाऱ्याच्या गाडीवर उडालेल्या तुषारांचा हिशेब तुझ्याच नावावर लागतो. ब्लीच आणि आम्ल एका बादलीत नाही, एका पंपात नाही, गाडीत एका खणातसुद्धा नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. अमोनियाबरोबरही तेच, तिथे क्लोरामाइन तयार होतं. आणि खाली वाहत आलेलं पाणी कुठे जातंय ते बघ. पावसाळी गटारातलं पाणी बहुतेक ठिकाणी प्रक्रिया न होता थेट ओढ्या-नदीत जातं. तोंडावर अडसर घालून ते मातीकडे वळव किंवा उपसून घे. तुझ्या गावचा नियम काय आहे, हे काम घेण्याआधी विचारून ठेव.

दिसणार नाही अशा कोपऱ्यात हातभर चौकोन धुऊन बघ आणि तो पूर्ण वाळू दे. ओली भिंत सगळीच छान दिसते. वाळल्यावर जे दिसेल ते गिऱ्हाइकाला दाखव आणि “एवढं निघेल, हे निघणार नाही” असं कागदावर लिहून दे. माझ्या मते कोटेशनमधली सर्वांत महत्त्वाची ओळ हीच, रकमेची नव्हे.

रकमेचंही सांगतो. समोरचा काय घेतो ते बघून त्याच्या खाली दर लावायचा, हा नव्या माणसाचा हिशेब. समोरच्याचं मशीन कर्जावर आहे का, त्याचा विमा आहे का, तो पुढच्या वर्षी धंद्यात असेल का, यातलं तुला काहीच ठाऊक नसतं. तू तुझा दिवस मोज. घरातून निघाल्यापासून पाइप गुंडाळून गाडी परत लावेपर्यंत. त्यात ट्रिगर दाबलेला वेळ निम्मासुद्धा नसतो. बाकीचा प्रवास, पाइप अंथरणं, प्लॅस्टिकने विजेचे पॉइंट झाकणं, रसायन थांबेपर्यंत थांबणं, कुंड्या हलवणं आणि पुन्हा जागच्या जागी ठेवणं. या सगळ्याचे पैसे दरात आले नाहीत तर ते तुझ्या खिशातून जातात. त्यावर इंधन, रसायन, विमा, मशीनचा घसारा आणि पावसाने बुडालेले दिवस. घसाऱ्याची रक्कम दर कामातून वेगळ्या खात्यात टाक. पंप एक दिवस जाणारच आहे, आणि तो हंगामाच्या मध्यावर जातो.

एकाच गल्लीतली तीन कामं एका दिवशी मिळाली तर थोडी सूट दे, प्रवास वाचतो. “पुढे खूप कामं देतो” म्हणून सूट मागणाऱ्याला हसून नमस्कार कर. बिल त्याच दिवशी दे, गाडीत बसल्याबसल्या.

काचांबद्दल फार लिहीत नाही, ते हाताने शिकायचं काम आहे. उन्हात तापलेली काच धुऊ नकोस, साबण पुसण्याआधीच वाळतो. लांब दांड्याने धुणार असशील तर क्षार काढलेलं पाणी वापर. मीटरवर विरघळलेले क्षार ० ते १० पीपीएमच्या (दहा लाख भागांत किती भाग, ते माप) आत दिसले की काच पुसायची गरज राहत नाही, तशीच डाग न पडता वाळते.

शिडीचं मात्र सविस्तर लिहितो, कारण तुझ्या पत्रात त्याचा एक शब्द नाही. चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर, वरचं टोक छपराच्या कडेच्या तीन फूट वर, आणि चढल्यावर दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय कायम टेकलेले. हे जमत असेल तेव्हाही शिडीवर उभं राहून दाबाची गन चालवू नकोस. ट्रिगर दाबताक्षणी गन मागे ढकलते आणि शिडी धरायला तुझा हात मोकळा नसतो. लांब दांडा घे आणि जमिनीवर उभा राहा. दांडा उभा करण्याआधी वर बघ; अॅल्युमिनियममधून वीज वाहते आणि वरच्या तारा पानांत लपलेल्या असतात. विजेवरचं मशीन ३० मिलिअॅम्पिअर गळतीला वीज तोडणाऱ्या सुरक्षा स्विचवरूनच चालव. पेट्रोलचं मशीन बंद गॅरेजमध्ये कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि पाण्याची धार कातडीत घुसली, तर जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसेल, रक्त फारसं येणार नाही, दुखणारही नाही कदाचित. तरी तसाच हॉस्पिटलमध्ये जा आणि “उच्च दाबाचं पाणी आत गेलंय” हे शब्द सांग. पाणी आत पसरलेलं असतं आणि उशीर झाला तर बोट गमवावं लागू शकतं. हे तुझ्या हाताखालच्या मुलालाही पहिल्याच दिवशी सांग. त्याला गमबूट, चष्मा आणि कानाला बोळे तू द्यायचे, त्याने आणायचे नाहीत.

तक्रार आली तर फोनवर वाद घालू नकोस, जाऊन बघ. अर्ध्या वेळा एखादा पट्टा खरंच सुटलेला असतो आणि तो दहा मिनिटांत निघतो. उरलेल्या वेळी तुझे फोटो आहेतच. मंद महिन्यांत जुन्या गिऱ्हाइकांना फोन कर, मागच्या वर्षीच्या नोंदी बघून. “उत्तरेकडच्या भिंतीवर शेवाळ परत धरलं असेल” एवढं वाक्य जाहिरातीपेक्षा जास्त काम आणतं, कारण ती भिंत सावलीत असते हे तू लिहून ठेवलेलं असतं.

शेवटी त्या तीन मजली इमारतीचं. रक्कम मोठी आहे, कळतं मला. पण तू लिहिलंयस त्यावरून वरच्या मजल्याचा गिलावा जागोजागी फुगलेला आहे, समोरून तारा जातात आणि मचाण बांधायला कुणी तयार नाही. ते काम घेऊ नकोस. मचाण बांधून काम करणारी माणसं असतात, त्यांचा नंबर व्यवस्थापकाला दे, आणि तळाची फरसबंदी नि कुंपणाची भिंत तू स्वतःसाठी मागून घे. तो “सगळं घेणार असशील तरच” म्हणाला तर तेही नको. भेटायला जाशील तेव्हा बादली घेऊन जा, आवारातल्या नळाला किती पाणी आहे ते मला कळव. फरसबंदीचा दर मग बसून काढू.

तुझा,
या धंद्यातला एक जुना माणूस