नावावर करण्याआधी वही उघडा

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

काटोलजवळची सहा एकर संत्र्याची बाग आणि नागपूरच्या महाल भागातले घर आत्ताच बक्षीसपत्राने मुलाच्या नावावर करून मोकळे व्हावे का, लग्नात पुष्कळ खर्च केल्यावर मुलीला वेगळे काही द्यावे लागते का, आणि बाग विकायला निघालेल्या मुलाला तुमच्या कष्टांची किंमत कशी कळावी, असे तुम्ही विचारले आहे.

मोकळे होण्याची घाई करू नका. बक्षीसपत्र नोंदले की मालकी गेली. सांभाळ करण्याची अट त्यात असेल, तर ती मोडल्यावर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द करून मागता येते, पण उतारवयात खेटे घालणे कोणाच्याही वाट्याला येऊ नये. मृत्युपत्र मात्र हयातीत कितीही वेळा बदलता येते. त्यावर तुमची आणि दोन साक्षीदारांची सही लागते. नोंदणी सक्तीची नसली, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्यावी. मिळकत स्वकष्टार्जित असल्याने वाटणी तुमच्या इच्छेवर आहे. वडिलोपार्जित असती, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनुसार मुलीचा जन्मसिद्ध हक्क मुलाइतकाच असता. कायदा बाजूला ठेवूनही सांगते, लग्नाचा खर्च मांडवात, जेवणावळीत आणि मानपानात गेला. तो मुलीचा वाटा नव्हे. काकूंच्या आजारपणात दवाखान्यात रात्री कोण जागले, हे तुम्हीच लिहिले आहे.

तुमच्या पत्रातला एक मजकूर मी पुन्हा पुन्हा वाचला. विहीर आटून झाडे वाळली, त्या वर्षी काकूंच्या पाटल्या मोडून तुम्ही मजुरांची मजुरी चुकती केली आणि तशी नोंद लाल कापडी वहीत ठेवली. ती वही कपाटात कुलूपबंद आहे. मुलाने सातबारा पाहिला, वही कधी पाहिली नाही. मग बाग म्हटल्यावर त्याला एकरी भावच आठवला, तर त्यात त्याचा दोष मला फारसा दिसत नाही.

डिसेंबरात आंबिया बहारासाठी, म्हणजे उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्यासाठी, पाणी तोडून बाग ताणावर सोडाल, तेव्हा मुलाला, मुलीला आणि नातीला तिथे बोलवा. वही नातीला मोठ्याने वाचू द्या. पाणी कधी तोडायचे आणि कधी द्यायचे, हे यंदा मुलांना ठरवू द्या; चुकले, तरी लगेच हातातून काढून घेऊ नका. एवढे होऊनही मुलाला बाग विकावीशी वाटली, तर त्याचे शांतपणे ऐका, कारण पुण्यात राहून संत्र्याची बाग सांभाळणे खरोखरच अवघड आहे. पण त्याआधी मुलीला विचारा. ती नागपुरातच राहते, आणि बाग तिला हवी आहे का, हे आजवर कोणी तिला विचारल्याचे तुमच्या पत्रात कुठेही दिसत नाही.

तुमची,
ताई