निकामी आणि नादुरुस्त एकच का? कुठे कुठला शब्द वापरायचा?

एकच नाहीत. आणि एकच समजणाऱ्यांमुळे आमच्या गावाचे पैसे पाण्यात गेलेत म्हणून एवढं लिहितोय.

माझं मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे मोटरची जळालेली तार काढून नवीन भरायचं, दुकान आहे, आधी वडील बघायचे. गावच्या नळपाण्याच्या विहिरीवरची 5 एचपीची मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेली) बंद पडली आणि एका कारभाऱ्याने न उघडताच कागदावर लिहून टाकलं, मोटर निकामी झाली, नवीन घ्यावी. मी जाऊन खोलली तर दोन फेजच्या कॉइल काळ्याठिक्कर आणि तिसऱ्या फेजच्या अगदी नव्यासारख्या. स्टार कनेक्शनची मोटर (तिन्ही फेजच्या कॉइलचं एकेक टोक एकत्र जोडलेली) अशी दिसली की समजायचं एक फेज गेला होता, ही उरलेल्या दोनवर गुरगुरत राहिली आणि जळाली. स्टॅम्पिंग (कॉइल बसतात तो लोखंडी पत्र्यांचा गाभा) चांगलं, शाफ्ट सरळ, इम्पेलर (पाणी फेकणारा पंखा) शाबूत. जुनी तार काढा, नवीन भरा, वार्निश मारून सुकवा, बेअरिंग टाका, झालं काम. याला नादुरुस्त म्हणतात! दुरुस्त होण्यासारखं आहे, फक्त आत्ता चालत नाही. पण निकामी लिहिलं की विषयच संपतो, का बंद पडली हे कोणी विचारत नाही. जुनी किलोच्या भावाने भंगारात गेली, नवीन आली, आणि तिला सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर आपोआप बंद करणारं यंत्र) बसवा म्हणून मी ओरडत होतो तेही राहिलं. ते गृहस्थ अजून म्हणतात शब्दाने काय फरक पडतो. पडतो ना, कागदावर जे लिहिलं त्यावरच खरेदी होते.

आम्ही दुकानात यातलं काहीच बोलत नाही म्हणा, मोटर जळाली, जाम झाली, बेअरिंग गेलं, असं नेमकं सांगतो.

आता हेही खरं की स्टॅम्पिंगच वितळलं असेल तर ती मोटर निकामीच, तिथे मी पण हात लावत नाही. किडनी निकामी झाली म्हणतात तेही बरोबर. बॉम्ब निकामी करतात म्हणजे मुद्दाम त्याचं काम बंद पाडतात. कुचकामी मात्र वेगळं, योजना, कायदा, बंदोबस्त कुचकामी ठरतो, म्हणजे आहे पण उपयोग शून्य.

तुमच्यापुढे कोणी निकामी लिहिलेला कागद सहीला आणला तर आधी विचारा, खोलून कोणी बघितलं? नाव सांगता आलं नाही तर सही करू नका.