क्षमा सावंत मराठी आहेत का? सिएटलच्या नगरसेविका म्हणून त्यांनी नेमकं काय केलं?

आडनावामुळे मलाही आधी तेच वाटलं होतं. जन्म पुण्याचा, 1973 चा, वाढल्या मुंबईत, पण माहेर तमिळ, सावंत हे लग्नानंतरचं आडनाव. कॉम्प्युटर शिकून अमेरिकेत गेल्या, तिथे इकॉनॉमिक्समध्ये पीएचडी केली आणि मग सिएटलला आल्या.

2013 ला त्यांनी 16 वर्षं कौन्सिलवर असलेल्या रिचर्ड कॉनलिनना पाडलं, तेही उघडपणे समाजवादी म्हणून उभं राहून, आणि मुख्य मागणी काय तर तासाला किमान 15 डॉलर मजुरी. तेव्हा वॉशिंग्टन राज्यात 9.19 डॉलर होती. नऊ जणांच्या कौन्सिलमध्ये समाजवादी त्या एकट्याच, तरी जून 2014 मध्ये ठराव एकमताने पास झाला, टप्प्याटप्प्याने लागू होणारा का होईना, कारण फास्ट फूडचे कामगार आधीपासून संप करून रस्त्यावर उतरले होते. माझ्या मते त्यांची खरी ताकद हीच, आतलं एक मत कमी पडतं तर बाहेरून माणसं आणून सभागृह भरवायचं. प्रत्येक वेळी जमलं नाही, 2018 चा मोठ्या कंपन्यांवरचा टॅक्स महिन्याभरात मागे घेतला गेला.

2019 ची निवडणूक तर बघण्यासारखी होती. अ‍ॅमेझॉनने चेंबर ऑफ कॉमर्सच्या, म्हणजे तिथल्या व्यापारी संघटनेच्या, प्रचार फंडात 10 लाख डॉलरहून जास्त ओतले, पहिल्या रात्री क्षमाताई मागे होत्या, पण तिथे मतं पोस्टाने येतात आणि मोजणी कितीतरी दिवस चालते, त्यात हळूहळू वर येत शेवटी जिंकल्या. 2021 ला त्यांना मुदतीआधीच पदावरून काढायचं का यावर मतदान (रिकॉल) झालं त्यातही असंच, जेमतेम 300 च्या आसपास मतांनी वाचल्या.

पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते फेब्रुवारी 2023 चं काम. जातीवरून भेदभाव करायला बंदी, 6 विरुद्ध 1 मतांनी, असा कायदा करणारं सिएटल हे अमेरिकेतलं पहिलं शहर, आणि तो आणणाऱ्या बाई स्वतः ब्राह्मण घरातल्या. मी तेव्हा तिथेच राहायचो. नवीन असताना एका ओळखीच्यांकडे जेवायला गेलो तर नुसतं नाव सांगून भागेना, पूर्ण नाव काय, गाव कुठलं, आणि उत्तर मिळाल्यावर समोरच्याचं बोलणंच आटलं, ते अजून विसरलेलो नाही. घरच्या जेवणापर्यंत कायदा पोचत नाही हे मान्य, पण हेच नोकरीत किंवा भाड्याचं घर बघताना झालं तर तक्रार करायला आता तिथे जागा आहे.